‘घातक’ म्हटलेला पांडुरोग : लूसी विल्स मुंबईत

सरकारी दवाखान्यात गर्भवती स्त्रीला लोहाची जी लाल गोळी मिळते, तिच्यात लोहाखेरीज आणखी एक पदार्थ असतो : फॉलिक आम्ल. हे जीवनसत्त्व कुठे सापडले असे विचारले, तर बहुतेक जण अमेरिकेतील एखाद्या प्रयोगशाळेचे नाव घेतील. त्याचे रसायन तिकडे उलगडले, हे खरेच. पण अन्नात असा काही घटक असतो आणि तो न मिळाल्याने गर्भवती स्त्रिया मरणाच्या दारी पोचतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, १९३० च्या आसपास. आजचा धागा त्या शोधाविषयी.

आधी रोग समजून घेऊ. गरोदरपणात स्त्रीच्या अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. रक्तातील पाण्याचा अंश तांबड्या पेशींपेक्षा अधिक वेगाने वाढतो, त्यामुळे रक्त किंचित पातळ होणे स्वाभाविकच आहे. त्याने कोणी दगावत नाही. येथे ज्याची हकीकत सांगायची तो पांडुरोग याहून निराळा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई थकू लागे, अन्नावरची वासना उडे, जीभ सोलवटून निघे, जुलाब लागत, अंगात बारीक ताप राही, चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई. अशा स्थितीत प्रसूतीच्या वेळचा थोडासा रक्तस्रावही तिला सोसत नसे. जी वाचे ती बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप सावरे आणि पुढच्या खेपेस पुन्हा त्याच संकटात सापडे.

सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांचे रक्त पाहिले की एक गोष्ट खटके. लोहाच्या अभावाने होणाऱ्या पांडुरोगात तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात. येथे त्या संख्येने फार थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. अशाच मोठ्या पेशी दुसऱ्या एका रोगात दिसत, आणि सगळा घोळ तेथूनच सुरू झाला.

तो दुसरा रोग म्हणजे लंडनच्या टॉमस ॲडिसन याने १८४९ मध्ये वर्णिलेला पांडुरोग. हा बहुधा उतारवयात होई आणि रोगी हमखास दगावे, म्हणून पुढे त्याला ‘पर्निशस’ म्हणजे घातक हे विशेषण चिकटले. गर्भवतींतील तीव्र पांडुरोगाची दखल बोस्टनच्या वॉल्टर चॅनिंग याने १८४२ मध्येच घेतली होती. पण दोन्हींचे रक्त सारखे दिसते म्हटल्यावर गर्भवतींच्या रोगालाही तेच नाव मिळाले : गरोदरपणातला घातक पांडुरोग. नाव देऊन टाकले की रोग कळल्यासारखा वाटतो. वैद्यकाच्या इतिहासात या समाधानाने पुष्कळ वर्षे वाया घालवली आहेत.

१९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी मूळच्या घातक पांडुरोगावर उतारा शोधला. रोग्याने दररोज पावशेराच्या आसपास यकृत, तेही अर्धेकच्चे, खायचे. मरणपंथाला लागलेली माणसे त्याने उठून बसू लागली. १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल यांच्यासह या दोघांना मिळाले ते यासाठीच. म्हणजे विल्स मुंबईला निघाल्या तेव्हा या रोगांचे मूळ जंतूत शोधायचे की खाण्यात, हा प्रश्न ताजा होता.

आता मुंबईकडे वळू. डॉ. मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टर १८९० च्या दशकापासून हिंदुस्थानात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत होत्या. इतक्या बायका बाळंतपणात का मरतात, हा प्रश्न त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली आणि तिचे मुंबईतील ठाणे हाफकिन संस्था झाले. ही संस्था म्हणजे गव्हर्नरांचा परळचा जुना वाडा. प्लेगच्या लशीसाठी १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. परळ म्हणजे गिरणगावाचे काळीज. वाड्याबाहेर पडावे तो गिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी.

काळही लक्षात घ्यावा. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला आणि सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. त्याच वर्षी जुलैत मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. गर्भवती कामकरी स्त्रीचे शरीर हा सार्वजनिक प्रश्न ठरण्याची ती वेळ होती. तो प्रश्न कायदेमंडळात मांडला जात असतानाच परळात तपासला जाऊ लागला, हे मला विशेष वाटते.

बाल्फोर यांनी या कामासाठी बोलावलेल्या लूसी विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेऊन परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याची पद्धत केंब्रिजमध्ये तेव्हा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी शुश्रूषेचे काम केले, मग लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले आणि १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेची ओढ होती. रॉयल फ्री रुग्णालयात गर्भवतींच्या शरीरातील रासायनिक बदलांवर त्या काम करीत असताना मुंबईचे बोलावणे आले.

प्रथम त्यांनी जंतू शोधला. प्लेग आणि पटकीच्या शहरात, त्यातही हाफकिन संस्थेत, दुसरे काही सुचणे कठीणच होते. आतड्यातील एखादा जंतू विष सोडून रक्ताचा नाश करीत असेल, असा तेव्हाचा प्रबळ तर्क होता. रोगी स्त्रियांच्या आतड्यातील जंतू तपासून झाले; दोषी धरावा असा एकही हाती लागला नाही.

मग त्यांनी जे केले ते मला या साऱ्या हकिकतीतले सर्वांत मोलाचे पाऊल वाटते. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. घरात काय शिजते, बाईच्या ताटात काय पडते, खोलीत उजेड-वारा किती, असल्या गोष्टींची ही मोजदाद. ‘घरात काय शिजते’ आणि ‘बाईच्या ताटात काय पडते’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

पाहणीचा कौल स्पष्ट होता. हा पांडुरोग सर्वांत जास्त होई तो गरीब मुसलमान स्त्रियांना, आणि सर्वांत निकस आहारही त्यांचाच होता. हे वाक्य वाचताना थोडे सांभाळून वाचावे. असल्या आकड्यांवरून त्या काळी, आणि अजूनही, धर्माच्या आणि वंशाच्या नावाने निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. विल्स यांनी बोट ठेवले ते ताटावर. रक्त, वंश, हवामान यांपैकी कशालाही दोष न देता त्यांनी अन्नातील उणेपणाला दोष दिला. जे अन्नातून हरवले ते अन्नातूनच परत देता येईल, ही आशाही त्याबरोबरच आली.

पण नेमके काय हरवले होते? यासाठी त्यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार दिला. उंदरांना पांडुरोग झाला. गाभण माद्या पिले होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले की हे टळे. प्रकरण मिटले असे वाटावे, तोच एक अडथळा निघाला. उंदरांच्या अंगावरच्या उवांतून बार्टोनेल्ला नावाचा जंतू पसरत होता आणि त्यांच्या पांडुरोगाचे खरे कारण तो होता. म्हणजे खुणेची दिशा बरोबर, पण पुरावा कच्चा. दुसरा एखादा संशोधक येथेच थांबला असता. यांनी प्राणी बदलला.

दरम्यान १९२९ मध्ये काही महिने त्यांनी निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काम केले. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहार आणि रोग यांच्या संबंधावर संशोधन करीत होते. मुंबईत परतल्यावर प्रयोग माकडांवर सुरू झाले. निकस आहारावर ठेवलेल्या माकडांत गर्भवतींसारखाच मोठ्या पेशींचा पांडुरोग उत्पन्न झाला. विल्स आणि बिलिमोरिया यांनी हे काम १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. या माकडांना मारमाईट दिले की ती झपाट्याने सुधारत.

मारमाईट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेला गडद तपकिरी, खारट, चिकट अर्क. इंग्लंडात तो १९०२ पासून विकला जाई आणि लोक पावाला लावून खात. चव अशी की माणूस एक तर त्याच्या प्रेमात पडावा, नाहीतर पुन्हा बाटलीकडे पाहू नये. या स्वस्त, कोणत्याही वाण्याकडे मिळणाऱ्या वस्तूने इतिहास घडवला.

मुंबईतील गर्भवती स्त्रियांना तो अर्क देण्यात आला. तीन-चार दिवसांतच भूक परत येई. जी बाई कुशीवर वळायलाही तयार नसे ती खायला मागू लागे. रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेतला तर अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशींची गर्दी दिसे. म्हणजे रक्त पुन्हा तयार होऊ लागले होते. १९३१ च्या आरंभी मद्रासमध्येही त्यांनी हे काम केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आले. यीस्टचा अर्क या पांडुरोगावर यकृताइतकाच गुणकारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

यकृताऐवजी यीस्ट, यात काय एवढे? हिंदुस्थानात त्याचा अर्थ फार मोठा होता. रोज पावशेर यकृत विकत घेणे गिरणीकामगाराच्या घराला शक्यच नव्हते. शिवाय कितीतरी घरांत मांस उंबरठ्याच्या आत येत नसे, आणि येत असले तरी अन्नाची शिसारी आलेल्या गर्भवतीच्या घशाखाली अर्धेकच्चे यकृत उतरवायचे कसे? बोस्टनच्या रुग्णालयात जो उपाय होता तो परळच्या चाळीत उपाय नव्हता. चमचाभर अर्क गरम पाण्यात कालवून देता येतो.

अजून एक गाठ सुटायची होती. हा घटक आणि यकृतातील घटक एकच, की दोन? त्या काळी बहुतेकांना तो एकच वाटे. १९३७-३८ मध्ये विल्स पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या, या वेळी विमानाने. इव्हान्स या सहकाऱ्यासमवेत त्यांनी कसोटी लावली. यकृताचा शुद्ध केलेला अर्क ॲडिसनच्या पांडुरोगावर रामबाण ठरत होता, पण मुंबईच्या स्त्रियांवर तो चालेना. यकृताचा कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र चाले. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गाळून टाकले जात होते, आणि मुंबईच्या स्त्रियांना हवे होते ते नेमके तेच. औषध जितके ‘चांगले’ तितके निरुपयोगी, असा हा उलटा निकाल. एकाच नावाखाली नांदणारे दोन रोग येथे प्रथम वेगळे झाले. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

तो घटक शेवटी अमेरिकेत, जंतूंच्या वाढीचा अभ्यास करताना सापडला. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून तो वेगळा काढला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ठेवले फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील लेडर्ली कंपनीत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि तेथील संशोधनाचे सूत्रधार होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमावरमचे, मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. हिंदुस्थानातील रोगी स्त्रियांपासून सुरू झालेला शोध एका हिंदुस्थानी माणसाच्या हातून पुरा व्हावा, हा योग कादंबरीत आला असता तर आपण लेखकाला नावे ठेवली असती.

रोगाची यंत्रणा आता सांगता येते. नवी पेशी घडताना तिच्या केंद्रकातील डीएनए दुप्पट व्हावा लागतो आणि त्या कामाला फॉलिक आम्ल लागते. ते कमी पडले की अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. म्हणून त्या मोठ्या आणि थोड्या. गर्भ, वार आणि मातेचे वाढते रक्त या तिन्हींना एकाच वेळी नव्या पेशी हव्या असतात, म्हणून ही टंचाई गरोदरपणात उघडी पडते आणि बाळंतपणानंतर काही काळ झाकली जाते. पालेभाज्या, डाळी, कडधान्ये, यकृत, यीस्ट यांत हे जीवनसत्त्व असते; पण ते उष्णता सोसत नाही, आणि भाजी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले तर त्याचा बराच भाग मोरीत जातो.

दोन रोग वेगळे ओळखणे हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. ॲडिसनच्या पांडुरोगात उणीव असते ती बी-१२ या जीवनसत्त्वाची, आणि ते हाती आले १९४८ मध्ये. तत्पूर्वी उत्साहाच्या भरात त्या रोग्यांनाही फॉलिक आम्ल देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले, पण मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहिला. रक्ताचा अहवाल चांगला आणि पाय मात्र लुळे पडत चाललेले, असे रोगी डॉक्टरांनी पाहिले. म्हणून आजही मोठ्या पेशींचा पांडुरोग दिसला की सावध डॉक्टर दोन्ही जीवनसत्त्वांचा विचार करतो.

स्वतंत्र भारतात १९७० मध्ये पांडुरोग प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गर्भवतीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल. आजच्या लाल गोळीतही हेच प्रमाण आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना पांडुरोग असल्याचे आढळले. यातला मोठा भाग लोहाच्या अभावाचा आहे, हेही नोंदवले पाहिजे. गोळी पोचली, ताटाचा प्रश्न बराचसा तेथेच राहिला.

मुंबईच्या या कामाला एका बाईचे नाव लागले, ते योग्यच आहे. पण तळपदे, मेहता, बिलिमोरिया ही नावे त्या काळच्या शोधनिबंधांवर विल्स यांच्या शेजारी छापलेली आहेत, ती आपल्याकडे तरी कोणाला ठाऊक असतात? आणि आपल्या शरीराने हा शोध लावून देणाऱ्या गर्भवती स्त्रियांची तर नावेच छापली गेली नाहीत.

विल्स १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. लग्न केले नव्हते. फिरणे, डोंगर चढणे चालूच राहिले. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार आणि पांडुरोग यांचा अभ्यास केला. अखेरच्या वर्षांत त्या चेल्सीमध्ये मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. फॉलिक आम्लाच्या उणिवेचा संबंध केवळ मातेच्या रक्ताशी नसून गर्भाच्या मेंदू आणि पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषांशीही असावा, असे त्यांनी सुचवले. हे सिद्ध व्हायला २६ वर्षे लागली. ७ देशांतील ३३ केंद्रांत चाललेल्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये आला : आधीच्या खेपेस असा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतले, तेव्हा पुन्हा तो दोष उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गर्भाची मज्जानलिका बंद होते ती गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवशी, पाळी चुकल्याचे पुष्कळींना नुकतेच ध्यानात येत असते तेव्हा. म्हणून इतर स्त्रियांसाठी रोज ०.४ मिलिग्रॅम ही जी मात्रा सांगितली जाते, ती दिवस राहण्याच्या आधीपासून.